फॉसडेमला निघालात? आधी खोली ठरवा

एकीचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात नोकरी, दोन-तीन वर्षं संध्याकाळचा वेळ काढून पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसच्या एका एक्स्टेन्शनला पॅच, म्हणजे कोडमधल्या दुरुस्त्या, पाठवणं चालू आहे, आणि येत्या हिवाळ्यात पदरमोड करून ब्रुसेल्सला फॉसडेम या मुक्त सॉफ्टवेअरच्या परिषदेला जायचं ठरलंय. वेळापत्रक उघडलं तर हजाराच्या घरात व्याख्यानं. त्यातल्या ४३ व्याख्यानांवर खुणा करून ठेवल्यात. आता यातली कोणती ऐकायची, आणि व्हिसापासून मोज्यांपर्यंत बाकी काय सांभाळायचं?

४३ आकडा वाचून हसू आलं, कारण पहिल्या वर्षी माझ्या ५१ खुणा होत्या. प्रत्यक्षात ऐकली सहा. बाकीचा वेळ कुठे गेला? बंद दारांसमोर. मी नेदरलँड्समध्ये राहते, ट्रेनने ब्रुसेल्स जवळ, म्हणून नऊ वेळा जाऊन आले. नऊ वेळांनंतर मी एकच गोष्ट ठामपणे सांगते: फॉसडेमला व्याख्यानं निवडायची नसतात, खोली निवडायची असते.

यामागचं कारण समजायला ही परिषद कशी चालते ते पाहावं लागेल. तिकीट नाही, नोंदणी नाही, गळ्यात बिल्ला नाही. चालत यायचं आणि बसायचं. २००१ मध्ये पहिल्यांदा भरली तेव्हा नाव ओएसडेम होतं. मुक्त सॉफ्टवेअर चळवळ सुरू करणारे रिचर्ड स्टॉलमन यांच्या सांगण्यावरून पुढे ‘फ्री’चा एफ लागला. साधारण फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवार-रविवारी ब्रुसेल्समधल्या युनिव्हर्सिटे लिब्र द ब्रुसेल, म्हणजे यूएलबी विद्यापीठाच्या सोलबॉश आवारात ती भरते (परिषद कधी कधी जानेवारीच्या अखेरीसच सुरू होते, तारीख नीट बघून तिकीट काढा). कोरोनामुळे २०२१ आणि २०२२ ही दोन वर्षं सगळं ऑनलाइन झालं, एरवी दरवर्षी तिथेच. आठ हजारांहून जास्त माणसं येतात. नक्की किती, हे आयोजकांनाही सांगता येत नाही, कारण नोंदणीच नाही.

आणि ही आठ हजार माणसं बसतात कुठे, तर कॉलेजच्या वर्गात. जान्सन हे मोठं सभागृह चौदाशेच्या आसपास माणसं घेतं, पण एडब्ल्यू इमारतीतल्या काही खोल्यांत शंभरही खुर्च्या नाहीत. रस्ट, गो, पायथन या प्रोग्रॅमिंग भाषा, कंटेनर असले लोकप्रिय विषय लहान खोलीत पडले की दहा वाजताच दारावर ‘फुल’ असा कागद लागतो. दाराशी स्वयंसेवक उभा असतो. त्याला गयावया करून उपयोग नाही. आगीच्या नियमांमुळे पायऱ्यांवर बसू देत नाहीत, भिंतीला टेकून उभं राहू देत नाहीत. एक बाहेर आला तर एक आत. आपल्याकडे ‘जरा सरकून घ्या ना’ म्हणत चौथ्या सीटवर टेकायची सवय असते, ती इथे चालत नाही.

आता हिशेब करा. व्याख्यान वीस-पंचवीस मिनिटांचं, मध्ये सुट्टी पाचेक मिनिटांची. के इमारतीतून यू इमारतीत गर्दीतून वाट काढत पोचायला सहज दहा मिनिटं जातात. पोचता तेव्हा कागद लागलेला असतो. परत फिरता, तर सोडलेली खुर्चीही गेलेली असते. म्हणजे उडी मारून दोन्ही गमावलं. एका दिवसात असं चार वेळा झालं की माणूस चिडतो, आणि मग स्टॉलवरचे स्टिकर गोळा करत हिंडतो. मी हिंडले आहे.

म्हणून अर्ध्या दिवसाला एक खोली. तिथल्या भाषेत ‘डेव्हरूम’: एका विषयाच्या लोकांनी स्वतः चालवलेली खोली, अर्धा किंवा पूर्ण दिवस तोच विषय. तुमच्यासाठी पोस्टग्रेसची खोली उघडच आहे. दुसऱ्या दिवसाला एक शेजारची निवडा, डेटाबेस किंवा मॉनिटरिंग असं काहीतरी. जे व्याख्यान खरंच ऐकायचंय त्याच्या आधीच्या व्याख्यानालाच आत जाऊन बसा, ते कंटाळवाणं वाटलं तरी. आणि बाकाच्या कडेला बसू नका. कडेला बसलेल्याला दर पंचवीस मिनिटांनी उठून दहा जणांना वाट द्यावी लागते. मधोमध बसा, बाटली भरून घ्या.

खोली धरण्याचा खरा फायदा मात्र खुर्ची मिळण्याचा नाही. वारीत लाखो माणसं असतात, पण वारकरी चालतो आपल्या दिंडीबरोबर; जेवण तिथे, मुक्काम तिथे, ओळखी तिथे. डेव्हरूमचं तसंच आहे. सकाळी साडेदहाला शेजारी बसलेला माणूस अकराला तिथेच असतो, बाराला तिथेच असतो. तिसऱ्या व्याख्यानापर्यंत मान हलवायची ओळख होते. वक्त्याने काही भलतंच विधान केलं की दोघंही एकमेकांकडे बघता. मग कोणीतरी म्हणतं, चला, काहीतरी खाऊन येऊ. तीन वर्षं ज्या नावाला तुम्ही फक्त मेलिंग लिस्टवर ओळखता, ते नाव फ्राइज खाताना मेयोनीजचं बोट पुसत समोर उभं असतं.

राहिलेल्या व्याख्यानांचं काय? सगळ्या खोल्यांचं थेट प्रक्षेपण होतं आणि रेकॉर्डिंगही राहतं. वक्ते आपापलं रेकॉर्डिंग तपासून मंजूर करतात, की ते परिषदेच्या व्हिडिओच्या पानावर येतं. काही त्याच आठवड्यात, काही नंतर. गंमत म्हणजे दारावर ‘फुल’ लागलं की बाहेरच्या पॅसेजमध्ये जमिनीवर बसून, कानात इयरफोन घालून, भिंतीपलीकडचं तेच व्याख्यान ऐकणारे लोक दिसतात. मीही केलंय. आवाज आतल्यापेक्षा स्वच्छ येतो. वेळापत्रकासाठी अँड्रॉइडवर ‘फॉसडेम कम्पॅनियन’ नावाचं ॲप आहे, एफ-ड्रॉइड या मुक्त ॲपच्या दुकानातही मिळतं. त्यात तुमच्या खुणा फोनमध्ये राहतात, नेट नसलं तरी दिसतात.

आता स्टॉल. के, एच आणि एडब्ल्यू इमारतींच्या पॅसेजमध्ये मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांची टेबलं मांडलेली असतात: डेबियन, केडीई, ग्नोम, लिब्रेऑफिस, डोक्यावर नारिंगी शंकूची टोपी घातलेले व्हीएलसीवाले. पहिल्यांदा जाणारे इथे स्टिकर उचलतात, ‘थँक यू’ म्हणतात आणि पुढे जातात. स्टिकर उचला, डब्यात दोन युरो टाका, पण टेबलामागच्या माणसाशी बोला. तो विक्रीखात्यातला कोणी नाही. बहुतेक वेळा तुम्ही वापरता तो कोड लिहिणाराच तिथे उभा असतो, आणि खरं सांगायचं तर ‘हे लिनक्सवर चालतं का’ याच प्रश्नाला चाळीसाव्यांदा उत्तर देऊन तो कंटाळलेला असतो.

माझाच किस्सा सांगते. माझं काम फॉन्ट आणि मजकुराच्या मांडणीच्या जवळचं. एका प्रोग्रॅममध्ये मराठी मजकूर टाकला की ‘दऱ्या’चं ‘दर्या’ होत होतं. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही: डोंगरातल्या दऱ्यांचा एकदम समुद्र व्हायचा, आणि लग्नाच्या आचाऱ्यांचे आचार्य. दुसऱ्या वर्षी मी त्या प्रोग्रॅमच्या स्टॉलवर गेले आणि टेबलामागच्या माणसाला मोठ्या तळमळीने सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “बग नंबर काय?” प्रोग्रॅममधली चूक, म्हणजे बग, प्रकल्पाच्या यादीत नोंदवली की मिळणारा तो नंबर माझ्याकडे नव्हता. मी बग नोंदवलाच नव्हता, नुसती वर्षभर चरफडत होते. तो म्हणाला, नोंदव, बघतो. मागे सहा जण रांगेत होते.

घरी येऊन नोंदवला. वर्षभर त्यावर एकही टिप्पणी नाही. पुढच्या वर्षी जाताना मी एक कोरं पोस्टकार्ड घेतलं. वर मोठ्या अक्षरांत ‘दऱ्या’, खाली बाण, त्याखाली ‘दर्या’. शेजारी इंग्रजीत ‘व्हॅलीज’ आणि ‘सी’. कोपऱ्यात बग नंबर. रविवारी चारच्या सुमारास, गर्दी ओसरल्यावर, तेच कार्ड त्याच्यासमोर टेबलावर ठेवलं. त्याला देवनागरीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण दोन आकृत्या वेगळ्या आहेत एवढं कोणालाही दिसतं. वरच्या शब्दातल्या त्या छोट्या आडव्या फटकाऱ्यावर बोट ठेवून त्याने विचारलं, “हे जातं कुठे?” लॅपटॉप उघडला. दहा मिनिटांत सापडलं: चिकटवलेला मजकूर ‘स्वच्छ’ करताना प्रोग्रॅम न दिसणारी अक्षरं काढून टाकत होता, आणि माझ्या कीबोर्डवरून येणारा ऱ्या हा र, हलन्त आणि झीरो-विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं अक्षर यांतून बनत होता. ते अक्षर गेलं की राहतो साधा रफार. काढायच्या अक्षरांच्या यादीतून एक ओळ वगळली, काम झालं. कार्ड त्याने ठेवून घेतलं.

म्हणून तुम्हाला सांगते, जाण्याआधी तुमच्या अडकलेल्या पॅचचा नंबर पाठ करा आणि तो मुद्दा दोन मिनिटांत, शक्य तर कागदावर दाखवता येईल असा बांधा. ज्या मेंटेनरला, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याला, भेटायचंय त्यांना आठवडाभर आधी चार ओळींचा मेल टाका. ‘फॉसडेमला भेटू या’ असं मोघम लिहू नका. सगळेच तसं लिहितात आणि कोणीच भेटत नाही. ‘शनिवारी साडेबारा, एच इमारतीच्या दाराशी, पाच मिनिटं, अमुक पॅचबद्दल’ असं लिहा. आणि कृपा करून ‘रिस्पेक्टेड सर’ नको. आपल्याला ते सभ्य वाटतं, तिकडच्या माणसाला सरकारी नोटीस आल्यासारखं वाटतं. पहिल्या नावाने हाक मारा, वयाने वडिलांएवढा असला तरी. जिभेला जड जातं, दुसऱ्या दिवशी सवय होते.

बायकांची संख्या कमी असते, हे आधीच माहीत असलेलं बरं. काही खोल्यांत तुम्ही एकट्याही असाल. त्रास असा मला कधी झाला नाही, आणि झालाच तर आचारसंहितेची माणसं असतात, माहिती कक्षावर सांगायचं. एक मात्र सुख आहे: स्वच्छतागृहाची रांग पुरुषांच्या दाराशी असते. उभ्या आयुष्यात हे दृश्य मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

शुक्रवारची संध्याकाळ. बरीच वर्षं डेलिरियम कॅफे नावाच्या, एका चिंचोळ्या गल्लीतल्या बिअरच्या ठिकाणी सगळे जमत आलेत. एकदा बघायला हरकत नाही, न पिणाऱ्यांनीही. पण तिथे ओरडल्याशिवाय बोलता येत नाही आणि शनिवारी सकाळी घसा गेलेला असतो. मी आता जात नाही. तुमच्यासाठी शुक्रवारी त्याहून चांगलं आहे: पोस्टग्रेसचे लोक परिषदेच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, ‘फॉसडेम पीजीडे’ भरवतात. त्याला मात्र वेगळी नोंदणी लागते आणि जागा मोजक्या असतात, तेव्हा नोंदणी उघडली की लगेच करा. तिथे दिवसभर तीच शे-दोनशे माणसं असल्याने शनिवारी आवारात शिरताना तुम्ही अनोळखी राहत नाही. सर्व्हर-कॉन्फिगरेशनमध्ये रस असेल तर सोमवारपासून घेंटला ‘कॉन्फिग मॅनेजमेंट कॅम्प’ असतो, ट्रेनने अर्ध्या-पाऊण तासावर. विमानाचे पैसे एकदाच जातात, दोन्ही पदरात पाडून घ्या.

व्हिसा. इथे फॉसडेमचा मोकळेपणा आपल्यावर उलटतो, कारण खिडकीवरचा माणूस विचारतो ‘परिषदेची नोंदणी दाखवा’ आणि नोंदणी नावाची चीजच नसते. मग कागदांनीच गोष्ट सांगायची: कशासाठी जातेय याचं एक पानी पत्र, त्यात प्रवेश खुला आणि विनामूल्य आहे हे स्पष्ट वाक्य, परिषदेच्या संकेतस्थळावरच्या तशा मजकुराची आणि वेळापत्रकाची छापील प्रत, पीजीडेच्या नोंदणीची पावती (हा तिचा आणखी एक उपयोग), कंपनीचं रजा मंजुरीचं पत्र, तुमच्या पॅचची यादी. शेंगेन व्हिसासाठी अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. नियमात शेवटची मुदत प्रवासाआधी १५ दिवस असली तरी त्या भरवशावर राहू नका, मध्ये नाताळच्या सुट्ट्या येतात. माझ्या एका मैत्रिणीने डिसेंबरच्या मध्यावर अर्ज केला आणि पासपोर्ट हातात आला गुरुवारी दुपारी, शुक्रवारी पहाटेचं विमान. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच मोकळ्या व्हा. फी ९० युरो, प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा. आणि परिषदेला जोडून पॅरिस करायचा विचार असेल तर दिवस मोजा: जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. बेल्जियमचा व्हिसा काढून फ्रान्समध्ये आठवडा काढणं पुढच्या वेळेला नडतं.

राहायला ७१ नंबरच्या बसच्या किंवा ८ नंबरच्या ट्रामच्या वाटेवर जागा बघा. ७१ शहराच्या मध्यावरून, सेंट्रल स्टेशनवरून, थेट विद्यापीठापर्यंत जाते. बसमध्ये यंत्राला बँकेचं कार्ड टेकवलं की झालं, तिकीट काढायची भानगड नाही. स्वस्त विमान शोधताना शार्लरुआचं नाव ‘ब्रुसेल्स साऊथ’ म्हणून पुढे येईल. ते शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर आहे, वरून बसचं भाडं आणि तासभर. मिदी स्टेशनवर पाठीवरची सॅक पोटावर घ्या.

थंडीचं म्हणाल तर बर्फ क्वचित, पण दोन-पाच अंश आणि भुरभुर पाऊस. सव्वाआठपर्यंत उजाडत नाही. छत्रीपेक्षा टोपीचं जॅकेट बरं, आणि खोल्यांच्या आत इतकं उकडतं की स्वेटर काढून हातात घ्यावा लागतो. म्हणून एक जाड कपडा घालण्यापेक्षा तीन पातळ. बूट जुने, पायाला बसलेले. शनिवारी पंधरा हजार पावलं सहज होतात.

खाण्याचं एक महत्त्वाचं, तुम्ही शाकाहारी आहात असं लिहिलंत म्हणून: बेल्जियमचे फ्राइज पारंपरिक पद्धतीत गाईच्या चरबीत तळतात. सगळीकडे नाही, पण विचारल्याशिवाय घेऊ नका. आवारात खाण्याच्या गाड्या असतात, दीड वाजता प्रत्येकीसमोर अर्ध्या तासाची रांग. मी ठेपले आणि लिंबाचं लोणचं नेते, खोली न सोडता खाते. लोणच्याच्या वासाने एकदा पुढच्या बाकावरचा जर्मन मागे वळला आणि मग आम्ही वर्षभर एका बगवर एकत्र काम केलं. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, पाणी-फळं शनिवारी संध्याकाळीच घेऊन ठेवा.

वायफाय जोडताना गोंधळाल. ‘फॉसडेम’ नावाचं मुख्य जाळं फक्त आयपीव्ही-सिक्स या इंटरनेट-पत्त्यांच्या नव्या पद्धतीवर चालतं, मुद्दाम; कोणाचं सॉफ्टवेअर अजून जुन्यात अडकलंय ते त्यात उघडं पडतं. तुमच्या ऑफिसचा व्हीपीएन त्यावर बहुधा चालणार नाही. तेव्हा ‘फॉसडेम-एन्शंट’ या दुसऱ्या जाळ्यावर जा, नाव वाचून लाज वाटली तरी. चार्जरचं म्हणाल तर आपली दोन बारीक पिनांची चालते, तीन पिनांची नाही, कारण तिथल्या सॉकेटमधून अर्थिंगची पिन बाहेर आलेली असते. पॉवर बँक न्याच; बाकांजवळ सॉकेट मिळणं नशिबाचं.

‘फॉसडेम फ्लू’ हा तिथला नेहमीचा विनोद आहे आणि तो विनोद नाही. आठ हजार माणसं बंद खोल्यांत, हिवाळा, हस्तांदोलनं. हात धुवा, मास्क घातला तर कोणी बघत नाही, आणि परत आल्यावर मंगळवारी मोठी मीटिंग ठेवू नका.

परतीचं विमान रविवारी रात्रीचं काढलं असेल तर बदलता येतं का बघा. रविवारी दुपारी तीननंतर लांबचे लोक ट्रेन पकडायला निघतात, खोल्यांत जागा होते, स्टॉलवरची माणसं निवांत होतात. माझं पोस्टकार्डही रविवारी चारलाच चाललं. समारोपानंतर टेबलं उचलायला, तारा गुंडाळायला, कचरा गोळा करायला हात लागतात. तासभर थांबून मदत केली की आयोजकांपैकी कोणाशी तरी ओळख होतेच, आणि पुढच्या वर्षी डेव्हरूममध्ये बोलायचं असेल तर प्रस्ताव कसा लिहावा हे त्या तासात जेवढं कळतं तेवढं कुठे लिहिलेलं नाही.

आणि ती ४३ खुणांची यादी पुसू नका. मार्चमधल्या एखाद्या रविवारी, दुपारी जेवण झाल्यावर रेकॉर्डिंग बघायला बसाल तेव्हा लागेल.